बॉनेटवरचा तारा

१२ एप्रिल, रविवार

मिरजेहून निघताना बँकेच्या मॅनेजरांनी ही डायरी हातात ठेवली होती. जानेवारी ते मार्च ती कोरीच राहिली. त्या दिवसांत इथं अमेरिकेत, मुलाच्या ट्रॉय गावात, बाहेरही सगळं कोरंच होतं. अंगण, रस्ता, झाडं, जिकडे बघावं तिकडे बर्फ. आता रस्त्याकडेला शेवटचा एक काळपट ढीग उरलाय, तेव्हा म्हटलं आपणही लेखणी उचलावी.

खरं कारण वेगळं आहे. आज श्रीरंगने आईचं, म्हणजे सुलभाचं, परतीचं तिकीट काढलं. अठ्ठावीस मे, गुरुवार. आम्ही दोघं दिवाळीपर्यंत राहायचं ठरवून आलो होतो आणि माझं परतीचं तिकीट अजून दिवाळीनंतरचंच आहे. आन्याच्या शाळेत ऑक्टोबरमध्ये नाटक आहे, त्याला थांबतो असा मी नातीला शब्द दिलाय. सुलभा मात्र एकटी पुढे जाणार. भांडण वगैरे काही नाही. सून विनीता जपते आम्हाला, मुलाबद्दल बोलायलाच नको. पण सुलभा म्हणते, "इथं मला ओळखतं कोण? श्रीरंगची आई, आन्याची आजी. मिरजेत मला रिक्षा पाठवून न्यायचे."

ते खरं आहे. रांगोळीसाठी न्यायचे. लग्न असो, गणपती असो, कलेक्टर यायचा असो, सुलभाताईंचा हात हवा. इथं पाडव्याला तिने गराजसमोर मोर काढला, तर वाऱ्याने त्याचा पिसारा शेजारच्या लॉनवर नेला. ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "कुणासाठी काढायची? इथं दारावरून माणूस जात नाही, गाडी जाते." त्यानंतर रांगोळीचा डबा उघडलेला नाही.

मी तिला म्हटलं, तू जा, मी राहीन मजेत. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदाच असं होणार, पण मला काय, खिडकीतला मेपल आणि शाळेत पाठ केलेल्या कविता एवढं पुरतं. पुरायला हवं.

१५ एप्रिल, बुधवार

आज एक गंमत झाली. संध्याकाळी फिरून येताना आठवीतली एक कविता मनात घोळत होती. तिसरं कडवं काही केल्या आठवेना. त्या नादात घरी आलो, गराजचा कोड दाबला. दार उघडेना. पुन्हा दाबला. चौथ्यांदा दाबताना दार आपोआप वर गेलं आणि आत माझ्याच वयाचा, माझ्या दुप्पट आकाराचा एक गोरा गृहस्थ हातात पाना घेऊन उभा होता.

"तुमचं घर पुढचं," तो शांतपणे म्हणाला. "हे दर आठवड्याला होतं. आज भेटलोच."

त्याचं नाव नॉर्बर्ट. गाड्यांच्या कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालाय. आणि त्याच्यामागे, गराजच्या मधोमध, शेवाळी रंगाची एक लष्करी जीप. दुसऱ्या महायुद्धातली. ओहायोतल्या कुठल्याशा शेतावरच्या गोठ्यातून सांगाडा आणला आणि सहा वर्षं खपून उभी केली. आता सगळं झालंय, फक्त बॉनेटवरचा तारा राहिलाय.

मी विचारलं, तारा कशाला? तो म्हणाला, वरून आपलीच विमानं जातात, त्यांना कळायला हवं की ही गाडी आपली आहे. आपल्याच माणसाने आपल्यावर बॉम्ब टाकू नये म्हणून पांढरा तारा. पण फार उंचावरून नुसता तारा शत्रूच्या क्रॉससारखा भासायचा, म्हणून त्याच्याभोवती पांढरं कडं.

भिंतीवर एक फोटो होता. अशीच जीप, बॉनेटवर कड्यातला तारा आणि चाकामागे एक कोवळा पोरगा. नॉर्बर्टचे वडील, चेस्टर. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हाचा. पंचवीस मेला गावात युद्धातल्या मृतांच्या स्मरणाची पॅरेड असते, त्यात नॉर्बर्टला ही जीप अगदी वडिलांच्या जीपसारखी न्यायची आहे. तयार स्टिकर मिळतो, पण वडिलांच्या गाडीवर स्टिकर नव्हता. आणि स्वतः रंगवावं, तर त्याने हात पुढे करून दाखवला. हात पिंपळाच्या पानासारखा हलत होता.

मी म्हटलं, काळजी नको. जिल्हा परिषदेत मी हेडक्लार्क होतो, तिथल्या फळ्यावरचा सुविचार तीस वर्षं माझ्या हातचा. तारा मी काढतो.

घरी सांगितल्यावर सुलभा म्हणाली, "एक तुमच्या टोपीवरही काढून घ्या. म्हणजे आपल्या घराला तरी ओळखू याल."

१८ एप्रिल, शनिवार

पुठ्ठ्यावर सराव केला. तारा म्हणजे काय, पाच टोकं. पण चार टोकं ठीक निघाली की पाचव्याला जागा उरत नाही. आन्याने बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, इट्स गिव्हिंग फ्रॉग." म्हणजे काय ते विचारलं नाही. कळलं.

सुलभा ओट्याशी कणीक मळत होती. मान वळवून म्हणाली, "टोकं पाच आहेत, एवढंच." मग परातीतलं पीठ चिमटीत घेतलं आणि ओट्यावरच चिमटीतून सोडत दोन मिनिटांत तारा काढला. "जास्वंद येते त्याला तारा येतो. पाकळ्या तेवढ्या ओढून धरायच्या."

आन्या म्हणाली, "आजी, वेट, डू इट अगेन." तिने पुन्हा काढला. पुन्हा. ओटा ताऱ्यांनी भरून गेला आणि कणीक तशीच राहिली.

मी तिला सोबत न्यायचं ठरवलंय. हाताखाली कुणीतरी लागतंच.

२३ एप्रिल, गुरुवार

सुलभाला नॉर्बर्टरावांच्या गराजमध्ये घेऊन गेलो. तिने जीपभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि मला म्हणाली, "त्यांना सांगा, तेलकट आहे. असल्या पत्र्यावर काय बसणार?"

मी इंग्रजीत सुरुवात केली की कोणत्याही कलाकृतीचा पाया म्हणजे स्वच्छता. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत नॉर्बर्टराव चिंधी आणि थिनरची डबी घेऊन पुसायला लागले होते. हुशार माणूस.

त्यानंतर दुभाष्याचं काम मी अखंड केलं. ती मराठीत बोलायची, ते इंग्रजीत बोलायचे, आणि मधल्या मधे मी सांगेपर्यंत दोघं पुढच्या मुद्द्यावर गेलेले असायचे.

कड्यासाठी तिने दोऱ्याला खडू बांधला. मला म्हणाली, "तुम्ही मधोमध बोट दाबून धरा. हलायचं नाही आणि कविता म्हणायच्या नाहीत, बोट ताल धरतं तुमचं." महत्त्वाचं काम तेच आहे. केंद्र हललं तर वर्तुळ कसलं?

परत येताना तिने विचारलं, "हा नॉर्बटभाऊ एकटाच राहतो का हो?" म्हटलं, हो, बायको जाऊन चार वर्षं झाली. "म्हणून डब्यातलं काहीतरी खात होता थंडगार," ती म्हणाली.

३० एप्रिल, गुरुवार

थंडी परतली. रंग वाळणार नाही म्हणून काम बंद. नॉर्बर्टराव आज चहाला आले, थालीपीठ खाल्लं. तीन खाल्ली. सुलभाने माहेरची इरकल नेसली होती. मी विचारलं, आज काय आहे? म्हणाली, "काही नाही, कपाटात चुरगळत होती."

९ मे, शनिवार

तारा झाला.

नॉर्बर्टराव तीन दिवस ओहायोला गेलेत, एका जुन्या दिव्याच्या शोधात. जाताना म्हणाले, किल्ल्या-कोड सगळं तुमचंच समजा, रंगवून टाका. काल सुलभाने तारा भरला, आज कडं. शेवाळी पत्र्यावर दुधासारखा पांढरा. मी तिथेच खुर्चीवर बसून आर्या जुळवली. शाळेत गुरुजींनी मात्रा बोटांवर मोजायला शिकवलेलं अजून सुटत नाही.

नभ सोडुनि तू ताऱ्या, गाडीवरती कशास रे बसला
वाट तुझी बघते नभ, चंद्रहि म्हणतो कुठे लपला

सुलभाला ऐकवली. ती म्हणाली, "ब्रश धुवा."

भिंतीवरच्या फोटोत ते कडं जागोजागी तुटलेलं दिसतं. मोठ्या भिंगातून बघितलं, तर खरंच पाच-सहा ठिकाणी फटी. सुलभा हळहळली. म्हणाली, "लढाईत रंग उडाला असेल बिचाऱ्याचा. आपण नीट करून देऊ." कडं असं जुळवलंय की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये.

संध्याकाळी गराजचं दार उघडं होतं. कुत्र्याला फिरवणाऱ्या बाई थांबल्या, पलीकडचे चिनी आजोबा थांबले, कुरिअरचा मुलगा थांबला. सुलभा पदर खोचून मधे उभी होती.

१० मे, रविवार

नॉर्बर्टराव आले. जीपसमोर उभे राहिले. मग ते फोटोजवळ गेले, पुन्हा जीपजवळ आले आणि मला हळूच म्हणाले, "पुरू, इतकं सुंदर कडं मी बघितलेलं नाही. पण हे डॅडचं नाही."

त्या फटी रंग उडाल्याच्या नव्हत्या. पहिल्यापासून तशाच होत्या. लष्करात पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा छाप ठेवून वरून रंग मारायचे आणि त्या छापामुळे फटी राहायच्या. त्यांना फटी हव्यात.

सुलभाने मला विचारलं, "काय म्हणाले?" मी जरा गोड करून सांगितलं, त्यात स्टेन्सिलला छाप म्हणालो. तिने एकच शब्द उचलला. "छाप?"

घरी येताना ती माझ्यापुढे चार पावलं चालत होती.

१२ मे, मंगळवार

हा शब्द घरात दोन दिवस फिरतोय. वाचणाऱ्याला, म्हणजे म्हातारपणी मला, कळावं म्हणून लिहून ठेवतो. बाजारात भोकाभोकांचे डबे मिळतात, त्यात रांगोळी भरून जमिनीवर आपटलं की कमळ तयार. त्याला छाप म्हणतात. सुलभाने आयुष्यात छाप हातात धरलेला नाही. मिरजेत पलीकडच्या गल्लीतल्या बाई छाप वापरतात म्हणून ती त्यांच्या हळदीकुंकवाला गेली नव्हती.

"अहो, मला आधी सांगायचं होतं, छापच हवाय म्हणून. बाजारातून आणला असता त्यांनी. मला कशाला बोलावलं?"

श्रीरंग म्हणाला, "आई, त्यांचा तसा उद्देश नव्हता. ऑथेंटिक पाहिजे त्यांना."

"मग करा म्हणावं ऑथेंटिक. तुटकं वर्तुळ मी काढणार नाही. शुभ नसतं ते."

संध्याकाळी तिने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. पॅरेडला तेरा दिवस आहेत आणि तिच्या विमानाला सोळा, मग आत्तापासून बॅग कशाला? मी तिला उमेद यावी म्हणून एक जुनी कविता म्हणून दाखवली. तिने बॅगची चेन जोरात ओढली. परिणाम होतोय असं वाटलं.

१४ मे, गुरुवार

नॉर्बर्टराव सकाळी आले. हातात सकाळच्या नाश्त्याच्या सिरियलचं रिकामं खोकं आणि कात्री. सुलभा स्वयंपाकघरात होती, बाहेर येईना, तर ते सरळ आत गेले आणि ओट्यापाशी उभे राहिले.

त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यातून थरथरत्या हाताने एक गोल पट्टी कापायला घेतली. कापत कापत पूर्ण फिरून आले आणि मधली चकती निसटून जमिनीवर पडली. मग दुसरा पुठ्ठा घेतला. या वेळी मधे मधे थोडी जागा न कापता सोडली. चकती अडकून राहिली. त्यांनी तो पुठ्ठा सुलभासमोर धरला आणि न कापलेल्या जागांवर बोट ठेवलं.

सुलभाने बघितलं. "म्हणजे या फटी धरून ठेवायच्या," ती म्हणाली. "नाहीतर मधलं सगळं खाली पडेल."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. नॉर्बर्टराव म्हणाले, "येस."

मग ते बसले आणि त्यांनी सांगितलं. बोटीत चढायच्या आधी हुकूम आला, सगळ्या गाड्यांवर तारे हवेत. रांग लागलेली, एकच छाप, पाठीमागून लोक ओरडतायत. चेस्टरने छाप ठेवला, रंग मारला, पुढे सरकला. नंतर सवडीने ब्रशने फटी भरायच्या, असं प्रत्येक जण म्हणत होता. काहींनी भरल्या. चेस्टरला सवडच मिळाली नाही. युद्ध संपलं, जीप तिकडेच राहिली, तो घरी आला, नॉर्बर्ट झाला, आणि फोटो दाखवताना म्हातारा दर वेळी फटींवर बोट ठेवून म्हणायचा, हे बघ, हे राहूनच गेलं.

सुलभाने विचारलं, "वय काय होतं?"

हे मात्र मला भाषांतर करावं लागलं.

"नाइन्टीन."

तिने चहा ठेवला. दुधाचा ठेवला, त्यांना आवडतो तसा, आलं घालून. चहा होईपर्यंत ओट्याकडे तोंड करून उभी होती. कप पुढे ठेवताना म्हणाली, "त्यांना सांगा, कड्यावर हिरवा रंग मारून ठेवा. वाळला की येते मी."

माझ्या मंगळवारच्या कवितेने काम केलं. जरा उशिरा केलं, पण केलं.

१७ मे, रविवार

आज हसून हसून पोट दुखलं.

तारा तसाच होता, कडं पुन्हा शेवाळी झालेलं. सुलभाने खडूने खुणा केल्या, ब्रश घेतला, एक तुकडा ओढला आणि थांबली. म्हणाली, "नको. फार चांगला आला."

नॉर्बर्टरावांनी मला विचारलं, चांगला आला तर बिघडलं कुठे? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "अहो, तो एकोणीस वर्षांचा पोरगा. पाठीमागून लोक ओरडतायत. त्याचा हात असा निवांत चालेल का? मी पाटावर बसून काढल्यासारखं दिसतंय हे. मला घाई करा."

"म्हणजे?"

"म्हणजे ओरडा माझ्यावर. एकोणपन्नास वर्षं कधी ओरडला नाहीत, आज ओरडा."

मी म्हटलं, "सुलभा, लवकर कर बरं का."

"असं ओरडतात होय? हे तर देवळात बोलल्यासारखं झालं."

नॉर्बर्टरावांना कळलं. ते जीपमध्ये चढले आणि हॉर्न दाबला. त्या हॉर्नचा आवाज रेड्याच्या हंबरण्यासारखा आहे. आन्या जीपच्या मागच्या पत्र्यावर थापा मारायला लागली, "गो, गो, गो, आजी, मूव्ह." मग माझ्याही अंगात काहीतरी संचारलं. मिरजेच्या एसटी स्टँडवर शेवटच्या गाडीला ओरडायचे तसा ओरडलो. "चला, चला, गाडी सुटली, ओ बाई, मागे लाइन लागलीय, सरका पुढे." सुलभा हसतेय आणि हात चालतोय. तुकडा, फट, तुकडा, फट. एक तुकडा जरा जाड आला, एका फटीत रंग ओघळला. मी पुसायला धावलो, तर तिने माझ्या हातावर ब्रशची दांडी मारली. "राहू दे. त्याचाही ओघळला असेल."

चिनी आजोबा धावत आले. त्यांना वाटलं भांडण लागलं.

झाल्यावर नॉर्बर्टराव खाली उतरले. फोटो भिंतीवरून काढून बॉनेटजवळ धरला. एकदा फोटोकडे, एकदा कड्याकडे. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले. बराच वेळ पुसला. काच स्वच्छच होती.

सुलभा मला म्हणाली, "चला, पोळ्या राहिल्यात." पण लगेच निघाली नाही.

२० मे, बुधवार

नॉर्बर्टरावांच्या क्लबातले दोघे मित्र आज जीप बघायला आले. जुन्या लष्करी गाड्या जमवणाऱ्यांचा क्लब आहे. कड्यावर वाकून वाकून बघत होते. एकाने विचारलं, हा छाप कुठे मिळाला? नॉर्बर्टराव म्हणाले, छाप नाही, हातानं काढलाय. तो म्हणाला, शक्य नाही. मी सुलभाला हे सांगितलं. तिचा चेहरा मी लग्नात बघितला होता तसा झाला.

त्यांच्याकडे एक मोठा ट्रक आहे, एक रुग्णवाहिका आहे. त्याविषयी बोलणं बराच वेळ चाललं होतं. मी जरा बाजूला होतो, लायलॅकच्या जांभळ्या फुलांचा वास येत होता आणि निरोपाची एक आर्या सुचायला लागली होती. जाताना ते सुलभाला "स्टार लेडी" म्हणाले आणि मला म्हणाले, "बाय, स्टार लेडीज हजबंड."

घरी आल्यावर सुलभा आणि श्रीरंग लॅपटॉपसमोर काहीतरी बघत बसले होते. विमानातलं जेवण असेल.

२४ मे, रविवार

निरोपाच्या आर्येचे दोन चरण झाले, तिसरा जमला, चौथ्यात दोन मात्रा कमी पडतायत. "प्रवास" घातलं तर जास्त होतात, "घर" घातलं तर अर्थ जातो. दुपारभर खिडकीत बसून बोटं मोजत होतो. सुलभा मधेच येऊन तारखेचं काहीतरी बोलली, मी बरं म्हटलं. तिने विचारलं, "बरं ना नक्की?" मी म्हटलं, बरं, बरं. तिच्या मनात कसलीही हुरहूर राहू नये.

२५ मे, सोमवार

पॅरेड झाली. सुलभा पुढे नॉर्बर्टरावांशेजारी, इरकल नेसून, मांडीवर चेस्टरचा फोटो. मी मागे, पेट्रोलच्या डब्याला धरून. आन्या, श्रीरंग, विनीता फुटपाथवर. आधी शाळेचा बँड गेला, मग आम्ही. लोक छोटे झेंडे हलवत होते. कड्यावरचा तो ओघळ उन्हात चमकत होता. चौकात गाड्या थांबल्या, गावातल्या ज्यांनी युद्धात जीव दिला त्यांची नावं वाचली. तेव्हा सगळे गप्प होते, एक लहान मूल सोडून. नॉर्बर्टरावांनी टोपी काढली. सुलभाने डोक्यावरून पदर घेतला.

परतताना रस्त्याकडेच्या बाई, त्या कुत्र्यावाल्या, ओरडल्या, "हाय, सुला." हिने हात हलवला. माणसं दारावरून जात नव्हती, ही त्यांच्या दारावरून जात होती.

उतरताना नॉर्बर्टराव तिला म्हणाले, "थर्सडे, नाइन?" ती म्हणाली, "नाइन." विमान संध्याकाळचं आहे, पण सकाळीच निरोप द्यायला येणार असतील. भला माणूस.

२७ मे, बुधवार

उद्या.

इंडियन ग्रोसरीत जाऊन तिच्यासाठी आवळा सुपारी आणली, विमानात मळमळतं तिला. गुपचूप पर्समध्ये ठेवायला गेलो, तर पर्स सापडली नाही. बॅग उचलून बघितली, हलकी लागली. शिकली म्हणायची कमी सामानात जायला.

दिवसभर ती मजेत होती. विनीताशी गप्पा काय, आन्याला जास्वंद शिकवणं काय. मला बरं वाटायला हवं. पाडव्यापासूनचं तिचं तोंड आठवतं आणि वाटतं, हसत जातेय हेच चांगलं. रडत जाणाऱ्या माणसामागे राहणं सोपं असतं, हसत जाणाऱ्यामागे कसं राहायचं हे कुठल्या वर्गात शिकवलं नाही. कोणत्या कपात माझा चहा, कोणत्या खणात माझ्या गोळ्या, हे मला माहीत नाही. कधी माहीत करून घेतलं नाही.

श्रीरंगला विचारणार होतो, माझंही तिकीट अलीकडे आणता येईल का म्हणून. आन्याला दिलेला शब्द आठवला आणि बेत सोडला. आर्येतल्या त्या दोन मात्रा अजून सापडल्या नाहीत.

२८ मे, गुरुवार

सकाळी उठून दाढी केली, चांगला शर्ट घातला. आर्या कागदावर उतरवून खिशात ठेवली, चौथा चरण अपुरा तसाच. खाली आलो, तर सुलभा गराजच्या दारात उभी. अंगावर जुनी, रंगाचे डाग पडलेली सुती साडी, हातात ब्रश गुंडाळलेली चिंधी.

मी म्हटलं, "अगं, अशा साडीत विमानतळावर?"

"कसला विमानतळ?"

"विमान नाही का आज?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, विमान पुढे ढकललं ना. दिवाळीनंतर. तुमच्याच विमानात, शेजारची सीट. रविवारी खिडकीत येऊन सांगितलं तुम्हाला. दोनदा विचारलं, बरं ना म्हणून. तुम्ही बोटं मोजत बरं, बरं म्हणालात."

मागून आन्या म्हणाली, "आजोबा, एव्हरीवन न्यू. लाइक, एव्हरीवन."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. बाहेर नॉर्बर्टरावांनी हॉर्न दाबला, रेड्यासारखा.

सुलभा म्हणाली, "तो ट्रक आहे त्यांच्या मित्राचा, दोन्ही दारांवर आणि वर छतावर तारे काढायचेत. मग ती रुग्णवाहिका. पानं गळायच्या आत उरकायचंय म्हणतात. उठा, तुमच्यावाचून ओरडणार कोण माझ्यावर?"

मी खिशातून कागद काढला. "आणि ही निरोपाची आर्या? आता कुणाला देऊ?"

"नॉर्बटभाऊंना द्या, आपण निघू तेव्हा," ती बाहेर पडता पडता म्हणाली. "तोवर तुमच्या त्या दोन मात्राही सापडतील."